रवानगी आणि परतणे : हैदराबादच्या अरबांची एक विस्मृत कथा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले आणि त्यातून १०४ भारतीयांना उतरविण्यात आले. कागदपत्रांवाचून अमेरिकेत शिरल्याचा वा राहिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. त्यांत पंजाब, हरियाणा व गुजरात येथील मंडळी अधिक होती. महाराष्ट्रातीलही तिघे होते. बेड्या घालून त्यांना आणल्याच्या बातमीने देशभर खळबळ उडाली. हिमायतनगरात सकाळी फिरावयास निघणाऱ्या आमच्या मंडळींत पुढचे चार दिवस दुसरा विषय नव्हता. यांपैकी बहुतेकांची मुले अथवा नातवंडे अमेरिकेत आहेत, तेव्हा चिंता स्वाभाविक होती. बोलता बोलता एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, "बेड्या घातल्या हे वाईटच, पण काही झाले तरी माणसे आपल्या घरी परत आली ना!"

हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. परत पाठविलेला माणूस परत आलेलाच असतो, असे आपण धरून चालतो. अमृतसरला उतरलेल्यांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही असेल. त्यांचे गाव, त्यांची भाषा, त्यांची माणसे जागच्या जागी होती. परंतु ज्या देशी आपण एखाद्याला 'परत' पाठवितो तो देश त्याने कधी पाहिलाच नसेल तर? किंवा तो देश त्याला घ्यावयास राजी नसेल तर? हे प्रश्न केवळ कल्पनेतले नाहीत. पाऊणशे वर्षांपूर्वी ते याच शहरात उभे राहिले होते आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी ते जवळून पाहिले होते. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातील अरबांना अरबस्तानात परत पाठविण्याचा जो प्रयत्न झाला, त्याविषयी आम्ही बोलत आहो. आपल्या सभासदांपैकी तरुणांना तो प्रसंग ठाऊक असण्याचा संभव कमी; वृद्धांना आठवत असला तरी त्याविषयी बोलण्याची आपल्यात रीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अरब म्हटले की आजच्या पिढीस तेलाच्या विहिरी आठवतात. आपल्या पूर्वजांना आठवे ती अरबांची शिबंदी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक मराठी दरबारांत अरबांची पथके चाकरीस होती. किल्ल्याचा दरवाजा, खजिन्याची कोठी, सावकाराची पेढी ही त्यांच्या पहाऱ्याची ठिकाणे. बडोद्यास गायकवाडांच्या पदरी त्यांचे वजन एवढे वाढले की दरबारच्या करारमदारांस अरब जमादार जामीन राहू लागले. पगार थकला की हेच पहारेकरी धन्यास अडवून बसत. १८०२ मध्ये इंग्रजांनी बडोद्यास वेढा घालून त्यांना नमविले आणि थकबाकी घेऊन राज्याबाहेर निघून जाण्याची अट घातली. १८१७ च्या डिसेंबरात नागपूर शहर अरबांनी कित्येक दिवस लढविले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी पेशव्यांच्या बाजूने लढण्यात अरब पुढे होते. त्याच वर्षीच्या मे-जून महिन्यांत मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजी फौजेस जवळजवळ चार आठवडे झुंजविले.

मालेगावची एक गोष्ट आमच्यासारख्या, कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसाच्या विशेष ध्यानात राहते. शरणागतीच्या वेळी किल्ल्यातील अरबांना मराठीत एक कागद लिहून देण्यात आला होता. त्यातील शब्दांचा अर्थ नेमका काय घ्यावयाचा, याविषयी पुढे वाद उपस्थित झाला. तोफा थंडावल्यावर माणसांचे भवितव्य कागदावरील दोन शब्दांवर येऊन ठेपते, याचा हा जुना दाखला होय. पेशवाई बुडाल्यावर अरबांना मुलखातून काढून त्यांच्या देशी लावून द्यावे, असाच इंग्रजांचा कल होता. तेव्हा अरबांची 'स्वदेशी रवानगी' ही कल्पना १९४८ च्या कितीतरी आधीची आहे. मराठी राज्ये एकेक करून इंग्रजांच्या हाती गेली, तसा या शिबंदीचा जुना आश्रय तुटला. निजामाचे राज्य मात्र उरले होते. तेथे अरबांची चाकरी चालू राहिली आणि वाढलीही.

हे अरब बहुतांशी हद्रामौतचे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यामागे, आजच्या येमेन देशात, हे खोरे आहे. पाऊस तुटपुंजा, शेती त्याहून तुटपुंजी. म्हणून तेथील तरुण पिढ्यानुपिढ्या समुद्रापार जात आले. कोणी जावा-सिंगापुरास गेले, कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी हैदराबादेस. उमर बिन अवद अल्-कुऐती हा अशांपैकीच एक. (कुवेत देशाशी या नावाचा संबंध नाही.) तो निजामाच्या चाकरीत जमादार झाला आणि त्याच्या वंशजांनी हैदराबादेत मिळविलेल्या पैशाच्या बळावर हद्रामौतात चक्क राज्य उभारले. १८८१ मध्ये मुकल्ला बंदर त्यांच्या हाती आले. १८८८ मध्ये त्यांनी इंग्रजांचे संरक्षण पत्करले. सुलतान मुकल्ल्याचा, पण जमादारी व उत्पन्न हैदराबादेत, अशी ही दोन दगडांवरची घराणेशाही सत्तर-ऐंशी वर्षे चालली. १९३६ ते १९५६ या काळात गादीवर असलेले सुलतान सालेह बिन गालिब यांच्या आयुष्याचा बराच भाग हैदराबादेतच गेला होता.

पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले तेव्हा संस्थानचे कित्येक महाल अरब जमादारांकडे व इतर सावकारांकडे गहाण पडले होते. ते सोडवून घेणे आणि या बेबंद पथकांना शिस्तीत आणणे, ही सालारजंगांची मोठी कामगिरी मानली जाते. पथके मोडली नाहीत. त्यांना 'नज्मे जमीयत' या खात्याखाली आणले. शहराच्या दक्षिणेस त्यांच्या बराकी होत्या. 'बॅरॅक्स' या इंग्रजी शब्दाचे दखनी तोंडात 'बारकस' झाले आणि मोहल्ल्याला तेच नाव पडले. बारकसचे पेरू आपण सर्वांनी खाल्ले आहेत. तेथील लुंगी नेसलेले पुरुष, रमजानातील हरीस, आणि लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा मर्फा हेही आपल्या परिचयाचे. आज हैदराबादेत मर्फा कोणाच्या वरातीपुढे वाजत नाही? बोनालूच्या मिरवणुकीतही तो ऐकू येतो.

मराठवाड्यातील खेड्यांत मात्र अरब आणि रोहिले ठाऊक होते ते तकाजासाठी. दारात बसून राहणारा, कुळाला पाणी भरावयासही बाहेर पडू न देणारा वसुलीचा माणूस म्हणजे अरब अथवा रोहिला, अशीच जुन्या माणसांची आठवण असे. या आठवणीत वावगे काही नाही. ती खरी होती. पण ती अपुरी होती. जे अरब आले ते पुरुष आले. त्यांनी येथल्या स्त्रियांशी विवाह केले. त्यांची मुले दखनी बोलत वाढली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीस अरबी येई ती नमाजापुरती. हद्रामौतात अशा परदेशी जन्मलेल्या मुलांना 'मुवल्लद' म्हणत आणि या शब्दाला हिणविण्याची छटा होती. म्हणजे येथे ज्याला अरब म्हणत, तो तेथे पुरता अरब नव्हता.

आता १९४८ कडे येऊ. त्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात संस्थानातील हिंदू रयतेवर, विशेषतः मराठवाड्यात, काय गुदरले हे आपल्या कुटुंबांना सांगावयास नको. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गावेच्या गावे उठविली. मराठवाड्यातील हजारो माणसे सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड अशा ठिकाणी गेली. आपल्या वाडवडिलांच्या भाषेत सांगावयाचे तर 'मोगलाई' सोडून 'इंग्रजी'त गेली. इंग्रज गेले होते तरी शब्द जुनाच होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेस संस्थानी फौजेचे सेनापती जनरल एल् इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. सरहद्दीपलीकडे गेलेली आपली माणसे त्यानंतर गावी आली. घरे जळाली होती, गुरे नव्हती. पण पांढरी तीच होती आणि वेशीत ओळखणारी माणसे होती. ते खरे परतणे.

मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या बाजूचे रक्त सांडले, हेही इतिहासाला सोडून चालणार नाही. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत झळ सर्वाधिक होती. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. या धामधुमीत अरब आणि रोहिले यांच्याकडे दुहेरी संशयाने पाहिले गेले. एक तर ते मुसलमान, त्यातून 'परके'. त्यांच्यातील काही जण रझाकारांबरोबर होते, यात शंका नाही. पण धरपकड व्यक्तीच्या कृत्यावरून न होता जमातीच्या नावावरून होऊ लागली. पुष्कळांना अटकेत ठेवण्यात आले आणि या परदेशी मुसलमानांना बायकामुलांसह त्यांच्या देशी पाठवावे, असे भारत सरकारने ठरविले.

ठरविणे सोपे होते. अंमल करावयास घेतल्यावर प्रत्येक पायरीवर अडचण आली. आम्ही राज्य शासनाच्या महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ काढला असल्याने या अडचणींचे स्वरूप आम्हांस चांगले कळते.

पहिला प्रश्न, परका कोण? १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यान्वये परक्यास देशाबाहेर काढता येत होते. पण ज्याचा जन्म शाहअली बंड्यात झाला, ज्याची आई बीदरची, त्याला परका म्हणावयाचे कसे? संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात अधिवास असलेल्या व येथे जन्मलेल्या माणसास, तसेच ज्याच्या आईबापांपैकी एकाचा जन्म येथे झाला आहे अशास, नागरिक मानले. संविधान अंमलात येण्यापूर्वी लागोपाठ पाच वर्षे येथे राहिलेल्यासही तो हक्क मिळाला. २६ जानेवारी १९५० पासून ही तरतूद हैदराबादलाही लागू होती. म्हणजे 'अरब' म्हणून अटकेत घेतलेला माणूस कायद्याने भारतीय ठरण्याची शक्यता होती. फक्त ते सिद्ध करावयाचे होते. आणि सिद्ध करावयाचे कशाने? जन्मनोंदीचे दाखले त्या काळी कितीजणांकडे असत, हे आपल्याच घरच्या जुन्या पेट्या उघडून पाहावे.

दुसरा प्रश्न, पाठवावयाचे कोठे? हद्रामौत हा एडनच्या संरक्षित प्रदेशात मोडत होता आणि तेथे इंग्रजांची सत्ता होती. तो काळ तेथील दुष्काळाचा होता. दुसऱ्या महायुद्धात जावा व सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर तिकडून येणारा पैसा आटला आणि १९४३-४४ मध्ये हद्रामौतात भयंकर दुष्काळ पडला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १९४८-४९ मध्ये पुन्हा दुष्काळ आला. त्याच सुमारास हैदराबादचाही ओघ आटला. कारण नज्मे जमीयतची चाकरी संपली आणि १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. जो प्रदेश हैदराबादच्या पैशावर जगत होता, त्याच्याकडे पैशाऐवजी माणसे पाठविली जाणार होती. एडनचे इंग्रज अधिकारी नाराज होते, यात नवल नाही. रोहिल्यांची आणि पठाणांची गोष्ट आणखी अवघड. त्यांतील अनेकांचे मूळ प्रदेश वायव्य सरहद्दीकडचे. तो मुलूख १९४७ मध्ये पाकिस्तानात गेलेला. मग त्यांचा 'देश' कोणता?

परिणाम असा झाला की काही अरब जहाजाने रवाना झाले, आणि बहुसंख्य येथेच राहिले. राहिलेल्यांपैकी पुष्कळांची अवस्था त्रिशंकूसारखी झाली. भारत त्यांना आपले म्हणेना, आणि दुसरा कोणताही देश त्यांना आपले म्हणण्यास पुढे येईना. माणसे मग स्वतःची ओळख प्रसंग पाहून सांगू लागली. जेथे अरब असणे सोयीचे तेथे अरब, जेथे हैदराबादी असणे सोयीचे तेथे हैदराबादी. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही उत्तरे खरी होती. अर्जात जागा मात्र एकाच उत्तरापुरती होती.

याच वर्षांतील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. जनरल एल् इद्रूस यांचे घराणे मूळचे हद्रामौतचे. ज्या फौजेशी भारताचे युद्ध झाले तिचे ते सेनापती. तरीही त्यांची अखेरची वर्षे बंगळुरात गेली. उलट कासीम रझवी हे याच भूमीतले. त्यांना शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटका होताच ते पाकिस्तानात निघून गेले. १९७० मध्ये तिकडेच वारले. मूळ कोठले हा प्रश्न आणि राहिला कोठे हा प्रश्न यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत, हे या दोन आयुष्यांवरून दिसते.

येथे आमच्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे आजोबा बेगम बाजारातील एका पेढीवर हिशेबनीस होते. पेढीच्या दारावर एक अरब जमादार पहाऱ्यास असे. त्याचा बाप हद्रामौतहून आलेला. तोही त्याच पेढीवर पहारा करी. याचा स्वतःचा जन्म मात्र या शहरातला, आई दखनी. गोणी मोजून मोजून त्याला मराठी आकडे पाठ झाले होते. शहरात गडबड असली की आमच्या वडिलांना विवेकवर्धिनी शाळेत पोचविण्याचे आणि परत आणण्याचे काम तो करी. त्याचे विचार रझाकारांकडे झुकलेले होते की नव्हते, हे वडिलांना सांगता येत नसे. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते.

पोलीस कारवाईनंतर काही आठवड्यांनी जमादाराला धरून नेले. त्याची बायको एक कागद घेऊन आजोबांकडे आली. तिच्या नवऱ्याचा जन्म हैदराबादेतला असून आपण त्याला व त्याच्या बापाला ओळखतो, असा मजकूर त्यावर उर्दूत लिहिलेला होता. दोन पतदार माणसांच्या सह्या हव्या होत्या. मजकुरातील अक्षर न् अक्षर खरे होते आणि ते खरे असल्याचे आजोबांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. पण त्याच उन्हाळ्यात उस्मानाबाद जिल्ह्यातील त्यांच्या धाकट्या भावाचे घर लुटले गेले होते. भावाची बायकामुले बार्शीच्या छावणीतून नुकतीच परतली होती. आजोबांनी कागद रात्रभर ठेवून घेतला आणि सकाळी तसाच परत केला. जमादाराच्या कुटुंबाने खोली सोडली. ती मंडळी जहाजावर चढली, की बारकसमध्ये कोण्या नातलगाकडे गेली, की आणखी काही झाले, हे आमच्या घरी कोणालाच कळले नाही. कोणी चौकशीही केली नाही. वडिलांनी ही गोष्ट आम्हांस सांगितली ती त्यांच्या शेवटच्या आजारपणात, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "दादांना दोष देऊ नका. पण लक्षात ठेवा."

आजोबांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर निराळे वागलो असतो, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तरीही या प्रसंगात एक गोष्ट उघड दिसते. त्या माणसाचा देश कोणता हे ठरविण्याची सत्ता दिल्लीत होती, एडनमध्ये होती. तशीच ती बेगम बाजारातल्या एका हिशेबनिसाच्या हातातही होती. शेजाऱ्याने 'हा आमचा' म्हटले असते तर कदाचित तो राहता.

हा विचार आपणास, म्हणजे हैदराबादच्या जुन्या मराठी घराण्यांस, विशेष लागू पडतो. आपणही येथे बाहेरूनच आलो. कोणी रायरायानांच्या दफ्तरात लेखणी धरावयास आला, कोणी देशमुखीच्या हिशेबासाठी, कोणी वकिलीसाठी, कोणी शिक्षक होऊन. आपली आडनावे ज्या गावांवरून पडली त्यांपैकी कित्येक गावे आपण पाहिलेली नाहीत. तुळजापूरला वा माहूरला कुळाचारासाठी जातो, एवढाच काय तो संबंध. निजामाच्या काळी नोकरीसाठी 'मुल्की' असल्याचा दाखला लागे. त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. आमच्या पणजोबांचा असा दाखला घरी आहे. १९५२ मध्ये 'गैरमुल्की परत जा' अशी चळवळ शहरात पेटली आणि गोळीबार झाला. १९६९ मध्ये तीच हाक पुन्हा उठली. त्या घोषणा आपल्यासाठी नव्हत्या, आपण मुल्कीच होतो; तरी मोर्चा गल्लीतून जाई तेव्हा घरातली माणसे मराठीत मोठ्याने बोलत नसत, हे आम्हांस आठवते. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि सरकारी नोकरांची वाटणी झाली. आमचे वडील तेव्हा नुकतेच कारकून म्हणून लागले होते. औरंगाबादेस जाण्याची संधी त्यांना होती. नातेवाईक म्हणाले, "आता आपल्या राज्यात परत चला." वडिलांचे उत्तर घरात अजून सांगतात : "परत जायला आधी तिथून निघालो तर पाहिजे. आम्ही कुठे निघालो तिथून? आमचे आजोबा निघाले होते."

आम्हांस वडिलांसारखा 'नाही' म्हणता आले. जमादाराला कोणी विचारले नव्हते.

इतिहासाचे चाक पुढे कसे फिरले तेही पाहण्यासारखे आहे. १९६७ मध्ये मुकल्ल्याचे सुलतानी राज्य संपले. १९७० नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा आला आणि हैदराबादेतील तरुण सौदी अरबस्तान, दुबई, कुवेत येथे जाऊ लागले. बारकसमधील अनेक घरांतील मुले त्यांत होती. ज्या मोहल्ल्यातील आजोबांना 'तुमचा देश अरबस्तान' असे सांगण्यात आले होते, तेथलीच नातवंडे अरबस्तानात परदेशी मजूर म्हणून उतरली. तेथे नाव अरबी असून भागत नाही. पारपत्र हिंदुस्थानी असते. मालकाशी बिनसले, मुदत संपली, अथवा एका ठिकाणच्या परवान्यावर दुसरीकडे काम करताना सापडले, की अटक आणि मग 'मायदेशी रवानगी'. २०१३ मध्ये सौदी सरकारने परदेशी कामगारांविषयीचे नियम कडक केले. एप्रिलपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत दंडाशिवाय देश सोडण्याची सवलत होती आणि त्या काळात लाखाहून अधिक भारतीय परतले. तेलंगणातील जिल्ह्यांतले आणि या शहरातले कितीतरी जण त्यांत होते. पारपत्र मालकाकडे अडकलेले. म्हणून वकिलातीकडून एकदाच्या प्रवासापुरता मिळणारा कागद, ज्याला कामगार 'आऊटपास' म्हणतात, त्यावर ते आले. शमशाबादच्या विमानतळावर उतरलेल्या अशा माणसाकडे कपड्यांची एक पिशवी आणि डोक्यावर दलालाचे कर्ज असे.

तरीही त्यांच्यात आणि १९४८ नंतर मुकल्ल्यास उतरलेल्यांत एक फरक होता. शमशाबादेस उतरणाऱ्याला टॅक्सीवाल्याची भाषा कळत होती. मुकल्ल्यास उतरणारा दखनी बोलणारा 'अरब' दुष्काळी मुलखात मुवल्लद म्हणून उतरला होता. सरकारी नोंदीत दोघांचाही शेरा एकच पडतो : स्वदेशी पाठविले. माणूस परतला की नाही, हे मात्र त्या शेऱ्यावरून कळत नाही. त्याला घ्यावयास कोण आले होते, त्याची भाषा कोणाला कळली, आणि 'हा आमचा' असे कोणी म्हटले का, यावरून ते कळते. आमच्या स्नेह्यांचे अमृतसरविषयीचे वाक्य म्हणूनच अर्धे खरे होते. ते १०४ जण आपापल्या गावी पोचल्यावर गावाने त्यांना कसे वागविले, शेती विकून गेलेल्या मुलाला घराने कसे घेतले, यावर उरलेले अर्धे अवलंबून आहे. उद्या आपल्यापैकी कोणाच्या मुला-नातवावर अशी वेळ आली तर त्याला प्रथम 'असे कसे झाले' म्हणून विचारू नये, एवढे तरी या कथेतून आपण घ्यावे.

नोकरीत असताना रहिवासाच्या शेकडो दाखल्यांवर आम्ही सह्या केल्या. अर्जासोबत ओळखणाऱ्या दोघांची साक्ष जोडलेली असे. वडिलांकडून ती गोष्ट कळल्यानंतरच्या काळात असा अर्ज समोर आला की आम्ही अर्जदाराच्या नावाआधी साक्षीदारांची नावे वाचीत असू. कोण कोणासाठी उभा राहिला, हे पाहण्याची सवयच लागली.

शेवटी आपल्या सभासदांना एक विनंती. आपल्या घरातील जुन्या पेट्यांत मुल्की दाखले असतील, बार्शी-सोलापूरच्या छावण्यांतून आलेली पत्रे असतील, प्रांतरचनेच्या वेळचे बदलीचे हुकूम असतील. ते जपावेत आणि त्यांच्या प्रती संस्थेकडे द्याव्यात. त्यांबरोबर, आपल्या गल्लीतून त्या वर्षी नाहीसे झालेले जे शेजारी वडीलधाऱ्यांना आठवतात, त्यांच्याविषयीही दोन ओळी लिहून ठेवाव्यात; मग ते अरब असोत, रोहिले असोत वा आणखी कोणी. आमच्या घरी त्या जमादाराचा एकही कागद नाही. जो एक आला होता, तो सही न करता परत दिला गेला. त्याचा जन्म याच शहरात झाला होता आणि आमच्या आजोबांना ते ठाऊक होते, एवढे आज येथे लिहून ठेवीत आहो.